देवाला आधीच सगळं ठाऊक असेल, तर न्याय कसला?

ज्यू लोकांचं नवं वर्ष, रोश हशाना, सप्टेंबर किंवा ऑक्टोबरमध्ये येतं. या सणाच्या दुसऱ्या दिवशी जगभरच्या सिनेगॉगांमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांमध्ये, एक ठरलेला उतारा वाचतात. मुंबई-अलिबागकडच्या बेने इस्रायल समाजाच्या सिनेगॉगांमध्येही तोच. देव अब्राहामला सांगतो, तुझा लाडका मुलगा इसहाक याचा मला होम दे. अब्राहाम डोंगर चढतो, लाकडं रचतो, मुलाला बांधतो, सुरी उचलतो. तेवढ्यात आकाशातून हाक येते: मुलाला हात लावू नकोस, तू देवाला भिऊन वागणारा आहेस हे आता मला कळलं.

‘आता कळलं’ म्हणजे काय? त्याआधी कळलं नव्हतं? नसेल, तर हा कसला सर्वज्ञ देव? आणि आधीपासून माहीत असेल, तर एका बापाला एवढ्या यातनेतून नेण्याचं कारण काय?

हा प्रश्न आजच्या एखाद्या नास्तिकाने काढलेला नाही. गेली दोन हजारांहून अधिक वर्षं ज्यू शास्त्रकार, म्हणजे देवावर मनापासून श्रद्धा असलेले लोक, तो स्वतःलाच विचारत आले आहेत. त्यांची उत्तरं वाचताना मला एक गोष्ट फार मोलाची वाटली. देवाला भविष्य ‘कसं’ कळतं, यावर त्यांनी तुलनेने कमी वेळ घालवला. त्यांना छळणारा प्रश्न वेगळा होता: कळलेल्या भविष्याचं देव करतो काय?

आधी मूळ ग्रंथात काय म्हटलंय

ज्यूंच्या पवित्र ग्रंथाला तनाख म्हणतात. ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात, तो थोड्याफार फरकाने हाच. हा एका माणसाने एका बैठकीत लिहिलेला ग्रंथ नाही. शेकडो वर्षांत, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली ही अनेक पुस्तकं आहेत, म्हणून त्यात देवाच्या ज्ञानाबद्दल एकच एक चित्र सापडत नाही.

एका बाजूला ठाम वचनं आहेत. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात देव म्हणतो की शेवट काय होणार हे मी आरंभीच सांगतो. यिर्मयाला तो सांगतो की तू आईच्या पोटात घडण्याआधीपासून मी तुला ओळखतो. अब्राहामला मूलबाळ होण्याआधीच कळवतो की तुझे वंशज परक्या देशात चारशे वर्षं दास्य भोगतील.

दुसऱ्या बाजूला हाच देव प्रश्न विचारतो, चौकशी करतो, चक्क पस्तावतो. आदाम झाडांत लपतो तेव्हा विचारतो, ‘तू कुठे आहेस?’ सदोम शहराची तक्रार कानावर येते तेव्हा म्हणतो, खाली जाऊन पाहतो, खरंच तसं आहे का. जलप्रलयाच्या आधी त्याला माणूस निर्माण केल्याचं वाईट वाटतं, मनाला दुःख होतं. शौलाला राजा केल्याचाही तो पश्चात्ताप करतो आणि त्याच अध्यायात, अवघ्या काही ओळींनंतर, शमुवेल संदेष्टा शौलाला ऐकवतो की देव माणूस नाही, तो पश्चात्ताप करत नाही.

मला सगळ्यांत विचारात पाडणारा प्रसंग मात्र दावीदाचा. शौल राजा जिवावर उठला आहे आणि दावीद कईला नावाच्या गावात आश्रयाला आहे. तो देवाला दोन प्रश्न विचारतो: शौल इथे येईल का? गावकरी मला त्याच्या हाती देतील का? दोन्हींना उत्तर मिळतं, होय. ते ऐकून दावीद आपली माणसं घेऊन गाव सोडतो, हे कळल्यावर शौल निघतच नाही, आणि गावकऱ्यांनी दगा देण्याची वेळच येत नाही. देवाने सांगितलेलं घडलं नाही, तरी ग्रंथाला त्यात काही खोटं वाटत नाही. सांगितलं ते घडू नये म्हणूनच सांगितलं होतं. योनाच्या गोष्टीतही हेच आहे. चाळीस दिवसांत निनवे उलथून पडणार अशी घोषणा होते, लोक वागणं बदलतात आणि शहर वाचतं.

अडचण नेमकी कुठे आहे

उद्या मी खोटं बोलणार हे देवाला आज ठाऊक आहे असं समजा. देवाचं ज्ञान चुकू शकत नाही. म्हणजे उद्या मी खरं बोलणं शक्यच नाही. मग खोटं बोलल्याची शिक्षा मला का? देवाच्या या आगाऊ ज्ञानाला धर्मशास्त्रात पूर्वज्ञान म्हणतात, आणि पूर्वज्ञान व माणसाचं स्वातंत्र्य यांची सांगड घालणं हा जुना पेच आहे.

यावर पहिलं उत्तर सहज सुचतं. पंचांगात ग्रहणाची वेळ वर्षभर आधी छापलेली असते, पण पंचांगात लिहिलं म्हणून ग्रहण लागत नाही. ते लागणार आहे, म्हणून पंचांगात येतं. जाणणं आणि घडवणं या दोन वेगळ्या गोष्टी. दहाव्या शतकात बगदादकडे होऊन गेलेला मोठा ज्यू पंडित सादिया गाओन हाच मुद्दा मांडतो: देवाचं ज्ञान हे घटनेचं कारण नव्हे. माणूस सगळा विचार करून शेवटी जे ठरवील, ते देवाला ठाऊक असतं.

उत्तर चांगलं आहे, पण पुरेसं नाही. चंद्राला ग्रहण चुकवण्याची इच्छा होत नाही आणि मोकळीकही नसते. त्याची चाल बांधलेली आहे, म्हणून तर ती आधी मोजता येते. माणसाची चाल तितकीच पक्की मोजता येत असेल, तर ती मोकळी कशी म्हणायची? इथे पंचांगाचा उपयोग संपतो.

एकाच काळात वेगवेगळी उत्तरं

पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस सांगतो की त्याच्या काळी या प्रश्नावर ज्यूंमध्ये तीन पंथांची तीन मतं होती. एसीन म्हणत, सगळं दैवाच्या हाती. सदूकी म्हणत, दैव वगैरे काही नाही, भलंबुरं माणूसच करतो. परूशी मधला मार्ग धरत: काही दैवाचं, काही माणसाचं. जोसेफस ग्रीक-रोमन वाचकांसाठी लिहीत होता, त्यामुळे त्याने आपल्या लोकांना तत्त्वज्ञानाच्या शाळांसारखं नेटकं मांडलं आहे. प्रत्यक्षात चित्र इतकं रेखीव नसणार.

एसीनांचं मत काय असेल याचा अंदाज १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरान इथल्या गुहांत सापडलेल्या हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांवरून येतो. बहुतेक अभ्यासक त्या गुंडाळ्या एसीनांशी किंवा त्यांच्या जवळच्या गटाशी जोडतात. त्यातल्या एका नियमावलीत म्हटलंय की जे आहे आणि जे होणार आहे ते सगळं ज्ञानाच्या देवापासून येतं आणि माणसं अस्तित्वात येण्याआधीच त्याने त्यांचा सगळा आराखडा ठरवलेला असतो. प्रकाशाचा एक आत्मा, अंधाराचा एक आत्मा, आणि प्रत्येक माणूस कोणाच्या वाट्याचा हे आधीच ठरलेलं. तिथल्याच एका तुकड्यात माणसाच्या अंगलक्षणांवरून हिशेब मांडला आहे की याचे सहा भाग उजेडाच्या घरात आणि तीन अंधाराच्या खड्ड्यात. इथे पूर्वज्ञान आणि पूर्वनियोजन यांत फरकच उरत नाही. तरीही हेच लोक आपल्या गटात ‘स्वेच्छेने’ येणाऱ्यांचं स्वागत करत. कागदावर सगळं ठरलेलं असलं, तरी रोजच्या जगण्यात माणसाला निवड करावी लागतेच, हे त्यांनाही टाळता आलं नाही.

त्याआधी, इसवी सनापूर्वी १८० च्या सुमाराला, जेरुसलेमचा एक शिक्षक बेन सिरा आपल्या विद्यार्थ्यांना बजावत होता की ‘देवामुळे माझं पाऊल घसरलं’ असं म्हणू नकोस. तुझ्यासमोर आग आणि पाणी ठेवलं आहे, हवं तिकडे हात कर. त्याच्याच पुस्तकात असंही आहे की सगळ्या गोष्टी निर्माण होण्याआधीच देवाला ठाऊक होत्या. या दोन वाक्यांचा मेळ कसा बसतो हे तो सांगत नाही. त्याला ते सांगण्याची गरज वाटली नसावी.

‘आता मला कळलं’ याचा अर्थ कसा लावला

आता पुन्हा अब्राहामकडे. या वाक्यावर तीन जुने उपाय झाले.

पहिला उपाय म्हणजे गोष्ट पुन्हा सांगणं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ‘जुबिलीज’ नावाचं पुस्तक लिहिलं गेलं. त्यात तनाखच्या पहिल्या पुस्तकातल्या, म्हणजे उत्पत्तीमधल्या, कथा नव्या तपशिलांसह येतात. इथे परीक्षेची कल्पना देवाची नाहीच. मस्तेमा नावाचा, दुष्ट शक्तींचा म्होरक्या देवाला आव्हान देतो की अब्राहामचा मुलावर फार जीव आहे, त्यालाच अर्पण करायला सांगून बघ. लेखक लगेच स्पष्ट करतो की अब्राहाम निष्ठावान आहे हे देवाला ठाऊक होतं, कारण याआधीच्या किती संकटांत तो खरा उतरला होता. मग परीक्षा कोणासाठी? मस्तेमाचं तोंड बंद करण्यासाठी आणि जगाला दाखवण्यासाठी. शेवटी देव म्हणतो, तू माझ्याशी निष्ठावान आहेस हे मी सगळ्यांना दाखवून दिलं.

दुसरा उपाय तत्त्वज्ञानाचा. अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फायलो (पहिलं शतक) ग्रीक विचारांत मुरलेला होता. देव बदलत नाही, या एकाच मुद्द्यावर त्याने एक पूर्ण ग्रंथ लिहिला. तो म्हणतो, विश्व हा काळाचा बाप आणि देव विश्वाचा बाप, म्हणजे देव काळाचा आजोबा झाला. काळच ज्याच्यानंतर आला, त्याच्यासाठी भूतही नाही आणि भविष्यही नाही. आपण ज्याला ‘उद्या’ म्हणतो ते त्याच्यासमोर आजच आहे. मग ग्रंथात देव रागावतो, पस्तावतो असं का लिहिलंय? फायलोच्या मते ती सामान्य माणसाला शिस्त लावण्यासाठी वापरलेली भाषा आहे.

तिसरा उपाय रब्बींचा. रब्बी म्हणजे धर्मशास्त्र शिकवणारे गुरू. वचनांतल्या फटी, विसंगती, पुनरुक्ती हेरून त्यांतून अर्थ काढण्याची जी पद्धत त्यांनी रुजवली, तिला आणि तिच्यातून जमलेल्या टीकाकथांनाही मिद्राश म्हणतात. उत्पत्तीवरचा मिद्राश साधारण पाचव्या शतकात संकलित झाला. त्यात ‘मला कळलं’ हे वाक्य थोड्या बदलाने ‘मी सगळ्यांना कळवलं’ असं वाचलं आहे. अर्थ जुबिलीजशी जवळजवळ जुळतो, पण मस्तेमा त्यात नाही.

खरं सांगायचं तर हे तिन्ही उपाय देवाची सर्वज्ञता वाचवतात, अब्राहामची आणि इसहाकाची वेदना मात्र जिथल्या तिथे राहते. जगाला दाखवण्यासाठी एका बापाच्या हाती सुरी द्यायची, हे पटायला अवघड आहे. त्या उताऱ्यावर इतक्या पिढ्या इतकं लिहीत राहिल्या, त्याचं एक कारण हेच असावं.

देव पस्तावतो कसा?

दुसऱ्या शतकातल्या रब्बी यहोशुआ बेन कोरखाची एक गोष्ट त्याच मिद्राशात आहे. एक परधर्मी माणूस त्याला विचारतो: तुम्ही म्हणता ना, देवाला पुढचं सगळं दिसतं? रब्बी म्हणतो, होय. मग तुमच्याच ग्रंथात लिहिलंय की माणसांची दुष्टाई पाहून देवाच्या मनाला दुःख झालं, ते कसं?

रब्बी त्याला उलट विचारतो: तुला कधी मुलगा झाला होता?
झाला होता.
तेव्हा काय केलंस?
आनंद केला, सगळ्यांना बोलावून आनंद केला.
तो एक दिवस मरणार हे तुला ठाऊक नव्हतं?
तो माणूस म्हणतो: आनंदाच्या वेळी आनंद, शोकाच्या वेळी शोक.
रब्बी म्हणतो: देवाचंही तसंच.

हे वाचून एखाद्या तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाचं समाधान होणार नाही. मला मात्र हे फायलोच्या उत्तरापेक्षा खोल वाटतं. फायलोने देवाला काळाबाहेर नेऊन बसवलं आणि दुःखातून सोडवलं. रब्बी देवाला काळाच्या आतच ठेवतो. शेवट माहीत असणाराही आजच्या क्षणाला आजच्यासारखाच सामोरा जाऊ शकतो, एवढंच तो सांगतो. आपल्याला जन्मलेलं प्रत्येक मूल मर्त्य आहे हे पक्कं ठाऊक असतं, तरी बारशाच्या दिवशी ते ज्ञान आपण वापरत नाही.

ठाऊक आहे, पण त्यावर निवाडा नाही

ज्ञान असणं आणि ते वापरणं वेगळं, हा धागा रब्बींच्या लेखनात जागोजागी सापडतो.

आदामाला घडवण्याच्या वेळचा प्रसंग घ्या. रब्बी बेरेख्या म्हणतो, देवाने पाहिलं की याच्यापासून सज्जनही होणार आणि दुर्जनही. निर्माण केला तर दुर्जन येतील. न केला तर सज्जन कुठून येणार? मग देवाने काय केलं? दुर्जनांचा मार्ग नजरेआड केला, दयेला सोबत घेतलं आणि माणूस घडवला. सर्वज्ञ देव जाणूनबुजून एका बाजूला पाहत नाही. पाहिलं असतं, तर तुम्हीआम्ही नसतो.

गर्भधारणेचा प्रसंग ताल्मूदमध्ये आहे. ताल्मूद म्हणजे रब्बींच्या शेकडो वर्षांच्या चर्चांचा प्रचंड संग्रह. गर्भधारणेवर लायला नावाचा देवदूत नेमलेला असतो. तो देवदूत वीर्याचा थेंब देवासमोर नेतो आणि विचारतो: याचं काय होणार? बलवान की दुबळा? शहाणा की मूर्ख? श्रीमंत की गरीब? सगळं ठरतं. पण सज्जन की दुर्जन हा प्रश्न देवदूत काढत नाही. कारण रब्बी हनीनाचं वचन आहे: सगळं स्वर्गाच्या हाती, फक्त स्वर्गाचं भय सोडून. स्वर्ग म्हणजे इथे देव. शरीर, बुद्धी, पैसा या गोष्टी दिलेल्या असतात, चांगलं वागणं मात्र कोणी आधीपासून देऊन ठेवत नाही.

आणि या सगळ्यांचा कळस म्हणजे इश्माएल. रोश हशानाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे इसहाकाच्या उताऱ्याच्या आदल्या दिवशी, त्याची गोष्ट वाचतात. अब्राहामने हागार ही दासी आणि तिच्यापासून झालेला आपला मुलगा इश्माएल यांना घराबाहेर काढलं आहे. बैर-शेबाच्या रानात पखालीतलं पाणी संपतं. मुलाचं मरण डोळ्यांनी बघवणार नाही म्हणून आई त्याला झुडपाखाली ठेवून दूर जाऊन बसते. तेव्हा देव मुलाचा आवाज ऐकतो, ‘तो जिथे आहे तिथे’, आणि हागारला विहीर दिसते.

‘तो जिथे आहे तिथे’ हे शब्द कशाला? मुलगा तिथेच असणार ना! मिद्राश अशाच जादा वाटणाऱ्या शब्दांपाशी थांबतो. देवदूत तक्रार घेऊन धावले: याचे वंशज पुढे तुझ्या लेकरांना तहानेने मारणार आहेत आणि तू याच्यासाठी विहीर उघडतोस? देव विचारतो: आत्ता हा कसा आहे, सज्जन की दुर्जन? ते म्हणतात, सज्जन. देव म्हणतो: मी माणसाचा निवाडा तो त्या वेळी जसा असतो त्यावरूनच करतो.

देवदूतांनी भविष्य खोटं सांगितलं, असं देव म्हणत नाही. ते भविष्य त्याला मान्य आहे, तरी न्यायाच्या कामात तो ते धरत नाही. रोश हशाना हा ज्यू परंपरेत न्यायाचा दिवस, आणि त्याच दिवसाच्या चर्चेत ताल्मूद हे वचन उद्धृत करतो. परंपरेने न्यायाच्या दिवशी हीच गोष्ट वाचनाला ठेवावी, हे मला फार बोलकं वाटतं.

असं पाहिलं की देवाच्या त्या चौकशाही वेगळ्या दिसतात. बाबेलचा बुरूज पाहायला देव खाली उतरला, त्यावर मिद्राश म्हणतो की त्याला उतरण्याची गरज नव्हती. पण न्यायाधीशांनी स्वतः पाहिल्याशिवाय कोणाला दोषी ठरवू नये, हे शिकवायला तो उतरला.

साधारण इ.स. १३५ मध्ये रोमनांच्या हातून मारला गेलेला रब्बी अकीवा हे सगळं एका ओळीत सांगून गेला: सगळं पाहिलेलं आहे, आणि मोकळीक दिलेली आहे. काही आधुनिक अभ्यासकांच्या मते अकीवाला इथे भविष्य म्हणायचंच नव्हतं. माणूस आडोशाला जे करतो तेही देव पाहतो, एवढंच म्हणायचं होतं. तसं असेल, तर सुरुवातीच्या रब्बींना हा पेच नंतरच्या तत्त्वज्ञांइतका जाचत नव्हता असं म्हणावं लागेल. मला हे वाचन बरंच पटतं.

मग फारोचं काय?

इथे कोणीही विचारील की तनाखमधल्या निर्गमच्या पुस्तकात तर देव आधीच सांगतो, इस्राएल लोकांना दास्यातून न सोडणाऱ्या इजिप्तच्या राजाचं, फारोचं, मन मी कठोर करीन. मन देवाने कठोर केलं आणि बुडाला फारो. हा कुठला न्याय?

हा आक्षेप रब्बी योहानानने स्वतःच मांडला: या वचनाने विरोधकांना तोंड उघडायला जागा मिळते. त्याचा साथी रेश लाकीश उत्तर देतो की देव माणसाला एकदा, दोनदा, तीनदा बजावतो. तरी तो वळला नाही, तर मग त्याच्या मनाचं दार बंद करतो. ग्रंथातला क्रमही याला आधार देतो. देवाने इजिप्तवर एकामागून एक धाडलेल्या पीडांपैकी पहिल्या पाचांच्या वेळी फारोचं मन कठोर राहिलं किंवा त्याने ते कठोर केलं, असं लिहिलं आहे. देवाने कठोर केलं, असं वाक्य सहाव्या पीडेला येतं. तोवर फारोने पाच वेळा आपली निवड केलेली होती.

आणि तो बंडखोर मुलगा?

यापेक्षा जड आक्षेप तनाखमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात आहे. आईबापांचं न ऐकणाऱ्या, खादाड, दारुड्या मुलाला गावच्या वडीलधाऱ्यांसमोर आणून दगडमार करावी, असा नियम तिथे आहे. एवढ्याशा गुन्ह्याला मृत्युदंड? मिश्ना (सुमारे इ.स. २०० मध्ये संकलित झालेली नियमांची संहिता) म्हणते की त्याचा निवाडा त्याच्या पुढच्या शेवटावरून होतो. ताल्मूद तो शेवट सांगतो: बापाची संपत्ती उडवील, सवय सुटणार नाही, मग चौरस्त्यावर उभा राहून लोकांना लुटील.

हे तर इश्माएलच्या अगदी उलट झालं. तिथे भविष्य बाजूला ठेवलं आणि इथे भविष्यावरच मृत्युदंड.

नंतरच्या टीकाकारांनी हा विरोध ओळखला. त्यांचं म्हणणं असं की या मुलाने त्या वाटेवर पाऊल टाकलेलं असतं, इश्माएलने टाकलं नव्हतं. पण रब्बींनी प्रत्यक्षात काय केलं ते पाहणं जास्त महत्त्वाचं. त्यांनी या नियमाला अटींवर अटी घातल्या. मांस आणि दारू ठरावीक मापाने खाल्ली-प्यायली पाहिजे, तीही बापाच्या घरातून चोरून. आईबाप दोघांचीही संमती हवी. दोघांपैकी एक जरी लंगडा, मुका, आंधळा किंवा बहिरा असेल, तर नियम लागू नाही. रब्बी यहुदा तर म्हणतो, आईबापांचा आवाज, रूप आणि उंचीसुद्धा सारखी हवी. शेवटी ताल्मूद नोंदवतो: असा मुलगा कधी झाला नाही, कधी होणारही नाही. मग नियम लिहिला कशाला? अभ्यास करावा आणि त्याचं पुण्य घ्यावं म्हणून. एका रब्बीने याला विरोध केला की मी असा मुलगा पाहिला आहे. तो विरोधही प्रामाणिकपणे नोंदवलेला आहे.

शास्त्रात स्पष्ट लिहिलेला नियम त्यांना खोडता येत नव्हता, तरी भविष्यावरून शिक्षा देण्याची वेळ कोणावर येऊ नये याची त्यांनी जेवढी करता येईल तेवढी तजवीज केली. हा प्रश्न आज जुना झालेला नाही. अमेरिकेत काही ठिकाणी आरोपी पुन्हा गुन्हा करील का, याचा अंदाज संगणकीय गुणांकनाने काढून तो न्यायाधीशासमोर ठेवतात. २०१६ मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा ठरवताना असं गुणांकन पाहायला काही सावधगिरीच्या अटी घालून परवानगी दिली. हे यंत्र चुकू शकतं, ही त्यावरची नेहमीची टीका आणि ती योग्यच आहे. रब्बींची हरकत त्याच्या पलीकडची ठरली असती. इश्माएलच्या गोष्टीत देवदूतांचं भाकीत चुकीचं ठरवलेलंच नाही.

मैमोनिदीजने प्रश्न उघड्यावर आणला

मध्ययुगात तत्त्वज्ञानाचा अभ्यास वाढला आणि हा पेच झाकून ठेवणं अवघड झालं. मोशे बेन मैमोन, म्हणजेच मैमोनिदीज (मृत्यू १२०४), आपल्या धर्मनियमांच्या महाग्रंथात सरळ प्रश्न मांडतो: हा माणूस सज्जन होणार की दुर्जन, हे देवाला माहीत होतं की नव्हतं? मग म्हणतो, याचं उत्तर पृथ्वीपेक्षा लांब आणि समुद्रापेक्षा रुंद आहे. आपलं ज्ञान आपल्याहून वेगळं असतं. देवाचं ज्ञान आणि देव एकच आहेत. देव काय आहे हे माणसाला समजत नाही, तसंच त्याचं जाणणंही समजणार नाही.

त्याचा समकालीन, दक्षिण फ्रान्सचा रब्बी अब्राहाम बेन डेव्हिड, यावर चिडला. शेवटाला नेता येत नसलेला विषय काढायचाच कशाला? लोकांच्या मनात शंका पेरून वर श्रद्धा ठेवा म्हणायचं, त्यापेक्षा साध्या माणसाला भाबडं राहू दिलेलं बरं. तरी त्याने स्वतः एक उत्तर सुचवलं: देवाचं ज्ञान हुकुमासारखं नसून ज्योतिषाला ताऱ्यांवरून कळतं तसं आहे. पुढच्या शतकांत वाद आणखी ताणला गेला. ज्यू तत्त्वज्ञ गर्सोनिदीज (१२८८–१३४४) म्हणाला की माणूस स्वतंत्रपणे काय निवडील हे देवालाही आधी ठाऊक नसतं. नंतरचा तत्त्वज्ञ क्रेस्कास उलट दिशेने गेला आणि त्याने माणसाचं स्वातंत्र्य आक्रसून टाकलं. बहुतेक ज्यू विचारवंतांनी दोघांचंही ऐकलं नाही.

मैमोनिदीजने हा प्रश्न कुठे घेतला, हेही पाहायला हवं. देवाच्या गुणधर्मांच्या प्रकरणात नाही. तो ‘पश्चात्तापाचे नियम’ या भागात येतो. पुढचं सगळं ठरलेलंच आहे असं वाटणारा माणूस बदलण्याचे कष्ट घेणार नाही, ही त्याची खरी काळजी होती. म्हणून उत्तर आपल्या आवाक्याबाहेरचं आहे हे कबूल केल्यावरही तो तिथे थांबत नाही. लगेच लिहितो की माणसाची कृती माणसाच्याच हाती आहे, देव त्याला कुठेही ओढून नेत नाही, हे आपल्याला निःसंशय ठाऊक आहे. आणि त्यापुढच्या प्रकरणांत पश्चात्तापाचा विषय पुढे चालवतो.